डब्यातले कूट, चौकटीतले कूट

सुटीच्या दुपारी मराठी शब्दकोडे घेऊन बसण्याचा आमच्या घरी जुना परिपाठ आहे. परवा त्यात एक सूत्र आले : ‘श्रीकृष्ण; करंजीच्या पिठातही हवा’, अक्षरे तीन. घरातील शाळकरी मुलाने सूत्राचा पूर्वार्ध न वाचताच ‘मोयन’ लिहून टाकले. मधल्या घरातून खाली जाणारा शब्द होता ‘हळद’. तो झाला ‘यळद’! कोडे अडले. तेव्हा आतून आजींचा आवाज आला, “अरे, मोयन शेजारणीकडे. आपल्या घरी पिठात कडकडीत तुपाचे मोहन घालतात.”

चूक लहान होती, परंतु तिने आम्हांस विचारात पाडले. पवारांच्या घराण्याबरोबर आणि त्यानंतरही जी मराठी कुटुंबे धार-देवासला येऊन स्थिरावली, त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या माळव्यात गेल्या. शाळा, कचेरी, बाजार यांची भाषा हिंदी झाली. मराठी टिकली ती बव्हंशी चुलीपाशी. आता तेथेही फोडणीचा बघार, विरजणाचे जामन आणि वरणाची दाल होऊ लागली आहे. यात शेजाराविषयी तक्रार नाही. बाफल्यांनी आपल्या पानात जागा मिळविली, तसा आपला ‘कीस’ही ‘भुट्टे का कीस’ या नावाने माळव्याच्या बाजारात सुखाने नांदतो. देवघेव चांगलीच, मात्र देताना आपल्या घरचा शब्द हरवू नये.

शब्दकोड्याचा जन्म तसा अलीकडचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात ऑर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. मराठीत आल्यावर त्याने आपल्या लिपीचा नियम स्वीकारला : एका घरात काना-मात्रेसह एक पूर्ण अक्षर. त्यामुळे ‘कोशिंबीर’ चार घरांत बसते. ‘शिकरण’मधील ‘क’वरून ‘कढण’ खाली उतरू शकते. परंतु ‘मेतकूट’मधील ‘कू’ला तसाच ‘कू’ असलेला सोबती लागतो. शब्द नुसता कानावरून गेलेला असून भागत नाही. तो अक्षरशः ठाऊक असावा लागतो.

स्वयंपाकघरातील शब्द कोडेकारांना प्रिय असतात, कारण त्यांतील अनेकांना दोन अर्थ आहेत. ‘तात्पर्य, कोकमाचेही करतात’ म्हणजे सार. ‘आसन, गिरणीतूनही येते’ म्हणजे पीठ. ‘पवित्र; साखरेचाही होतो’ म्हणजे पाक. आणि खुद्द ‘कूट’ पाहा. दाण्यांचे असते ते कूट आणि बुद्धीला कोड्यात टाकते तेही कूट!

शब्द लिहून ठेवल्याने काय साधते याचे उदाहरण धार जिल्ह्यातच आहे. मांडूचा सुलतान गियासुद्दीन खलजी याच्यासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निमतनामा’ या पाककृतींच्या सचित्र ग्रंथाची रचना सुरू झाली; त्याच्या पुत्राच्या कारकीर्दीत तो पूर्ण झाला. आज ते हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मांडूचे महाल ओस पडले, पण त्या पानांत खिचडी आणि समोसा आपापल्या नावांनिशी उभे आहेत.

याच्या उलट गोष्ट देवासची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात प्रथम तेथे आले. पुढे १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. त्यांची पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात आहेत. पहिल्या भेटीतील एका मेजवानीचे वर्णन करताना, बहुतेक पदार्थांची नावे ठाऊक नसल्याने, त्यांनी पानातील वस्तूंना क्रमांक दिले आणि प्रत्येकीपुढे रंग, आकार, चव नोंदविली. भाताच्या मुदी त्यांना आवडल्या. तीन लहानशा पदार्थांनी मात्र त्यांची जीभ पेटविली. क्रमांक आहेत, सूत्रे आहेत, घरे रिकामी. पहिले शब्दकोडे छापले जाण्यापूर्वीच देवासला जणू एक कोडे तयार झाले होते!

पाहुण्याला शब्द ठाऊक नसणे स्वाभाविक होते. आपल्याच नातवंडांवर पानातील पदार्थ क्रमांकाने ओळखण्याची पाळी येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. म्हणून वाचक भगिनी-बंधूंना एक सुचवावेसे वाटते. येत्या सुटीत मुलांना चौकटी आखू द्याव्यात आणि शब्द आजींकडून घ्यावेत : आधण, मोहन, विरजण, झारा, कढण. सूत्रे मात्र मुलांनीच रचावीत, कारण अर्थ पुरता उमगल्यावाचून सूत्र सुचत नाही.

आमच्या घरी हा प्रयोग सुरू झाला आहे. परवाच्या कोड्यातील ‘य’ खोडून मुलाने तेथे ‘ह’ लिहिला. आता तो फॉर्स्टरसाहेबांच्या त्या तीन जळजळीत पदार्थांची नावे शोधीत आहे. चटणी, ठेचा की लोणचे, यावर आजी आणि नातू यांचे अद्याप एकमत झालेले नाही.