'कॉरुगेटेड' म्हणजे काय? पालथं करून बघा!

आजच्या भागात एकच शब्द: कॉरुगेटेड. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा. आपल्याकडं ही वस्तू गोठ्यावर, शेडवर सगळीकडं दिसते. फक्त आपण तिला पन्हळी पत्रा म्हणतो.

लॅटिनमध्ये 'रुगा' म्हणजे सुरकुती. त्यावरून कॉरुगेटेड म्हणजे सुरकुत्या पाडलेलं, लाटालाटांचं. असा पत्रा बनवायचं पेटंट 1829 मध्ये लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामरनं घेतलं.

गोंधळ कुठं होतो? ऑनलाइन ऑर्डर करताना! ग्रूव्ह्ड, रिब्ड, कॉरुगेटेड, सगळं सारखंच वाटतं. सोपी युक्ती सांगतो: वस्तूची पाठ बघा. समोर खोलगट आणि मागं तिथंच फुगीर, म्हणजे अख्खी वस्तूच वळलेली, तर कॉरुगेटेड. टायरला वरून खाचा असतात, आतून तो तसा नसतो, तो ग्रूव्ह्ड. बांधकामाच्या सळईवर उंचवटे असतात, सिमेंटची पकड बसावी म्हणून, ती रिब्ड.

आता लाटा कशाला? दोन ग्लासांवर साधा कागद आडवा ठेवा, मधे लगेच झोळ पडेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि घड्या या ग्लासाकडून त्या ग्लासाकडं जातील असा ठेवा. आता वर मोबाइलचा चार्जर ठेवला तरी पेलेल. कागद तोच, पण घड्यांमुळं त्याला उंची आली, म्हणून तो वाकत नाही. मात्र ही ताकद लाटेच्या लांबीच्या दिशेलाच मिळते. म्हणून तर शेडचे आधाराचे पाइप लाटांना आडवे टाकतात. आणि स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारतात. पाणी खोलगटातून वाहतं, तिथं भोक पडलं तर छप्पर गळणारच.

पार्सलचा खोकाही कॉरुगेटेडच. तो बाहेरून सपाट दिसतो, पण कापलेली कड बघा: दोन सपाट कागदांच्या मधे एक लाटांचा कागद.

म्हणजे कॉरुगेटेड शीट, कॉरुगेटेड बॉक्स बरोबर. कॉरुगेटेड टायर चूक. स्पेलिंगमध्ये 'आर' दोनदा येतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि पत्रा मागवताना नुसत्या नावावर जाऊ नका. कडेनं काढलेला फोटो मागा, लाट बघा, मगच पैसे पाठवा.