शेवटच्या रांगेपर्यंत शब्द

पहूरहून वाकोदमार्गे फर्दापूर गाठलं, की अजिंठा. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात बोललेला शब्द लगेच विरत नाही, दगडी छताखाली घुमत राहतो. पठणाला हा घुमारा साथ देतो. नाटकातला संवाद मात्र तिथे कळणार नाही. एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडेल. आपल्या खानदेशातलं वहीगायन हे लोकगायन उघड्यावर रंगतं, तिथे उलटी अडचण. आवाज परत येतच नाही, म्हणून माणसं गायकांना खेटून बसतात.

हजार प्रेक्षकांचं नाट्यगृह बांधायचं, तर या दोन टोकांमधली जागा गाठावी लागते. ती मोजायची कशी, हे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी दाखवलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका सभागृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि नाद विरायला लागणारा वेळ मोजत. गाद्या वाढल्या, की वेळ घटे. त्यातून सूत्र निघालं: घनफळाला ०.१६१ ने गुणा आणि एकूण ध्वनिशोषणाने भागा. संवादाला हा वेळ साधारण १ सेकंद हवा, वाद्यवृंदाला २ च्या आसपास.

या शोषणातला मोठा वाटा प्रेक्षकांचा, त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचा असतो. म्हणून खुर्चीची गादी अशी निवडतात, की रिकामी खुर्चीही जवळजवळ माणसाइतकाच आवाज शोषेल. मग मोकळ्या सभागृहातली तालीम आणि भरलेला प्रयोग यांत फारसा फरक पडत नाही.

भिंतींचाही हिशेब असतो. थेट येणाऱ्या आवाजापेक्षा १७ मीटर जास्त फिरून आलेला आवाज ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्याच्या आत आलेला परावर्तित आवाज शब्दाला बळ देतो. फार मागे राहिलेला जोरकस आवाज प्रतिध्वनी होऊन खुपतो. म्हणून रंगमंचाजवळचं छत तिरकं ठेवतात आणि मागची भिंत शोषक करतात.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर १९८० मध्ये उभं राहिलं, तेव्हा वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांच्या जोडीला ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस होते. वास्तुरचनाकार आणि ध्वनितज्ज्ञ अशी जोडी जिल्ह्याच्या गावातही हवी. गाद्या, पडदे नंतर बदलता येतात. काँक्रीट ओतल्यावर घनफळ बदलत नाही. शेवटच्या रांगेतल्या आजीला संवाद ऐकू जाणार की नाही, हे नकाशावरच ठरतं.