एक बायबल, दोन प्रार्थनागृहे

धर्म माणसाला माणसाशी जोडतो, हे वाक्य वक्तृत्वस्पर्धेत हमखास टाळ्या मिळविते. परंतु ज्या देशात एकाच येशूला मानणारे, एकच ग्रंथ वाचणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या छपरांखाली प्रार्थना करीत आले, त्या देशाचा इतिहास वाचू लागले की हे वाक्य घशात अडकते. अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसांचा इतिहास असा आहे. श्रद्धा, वांशिक न्याय आणि परक्याला आपल्यात सामावून घेणे या विषयांवर तेथे आजही बोलणे चालू आहे. कधी जिव्हाळ्याने, कधी अत्यंत कडवटपणे. ते समजून घ्यायचे असेल तर एका साध्या प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे. कोणाला आत येऊ देणे म्हणजे त्याला सामावून घेणे काय?

हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकात व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. तेथील मळेवाल्यांपुढे एक पेच उभा राहिला : गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो आपला धर्मबंधू होणार, मग धर्मबंधूला गुलाम म्हणून कसे ठेवायचे? १६६७ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून हा पेच सोडविला. बाप्तिस्म्यामुळे गुलामाच्या दर्जात काहीही फरक पडणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. आत्म्याला स्वर्गाचे दार उघडे झाले, देहाच्या बेड्या मात्र तशाच राहिल्या.

तथापि ग्रंथ एकदा हाती आला, की तो कसा वाचायचा हे सर्वस्वी धन्याच्या हाती राहत नाही. धन्याने आणलेले उपदेशक संत पॉलच्या पत्रांतील आज्ञापालनाचा भाग सांगत. गुलामांच्या मनाने पकडली ती मोझेसची गोष्ट, इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची. पुढे मोठे धर्मचिंतक झालेले हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पॉलची पत्रे, एखादा अपवाद सोडला तर, ती वाचू देत नसे. धन्याच्या उपदेशकाने तो भाग तिला पुरेसा ऐकविला होता. कोणते पान ऐकायचे हे त्या निरक्षर म्हातारीने स्वतः ठरविले, ही गोष्ट लहान नव्हे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये जे घडले ते तर मूळ प्रश्नाचे उत्तरच म्हणावे लागेल. तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश होता, पण त्यांची बसण्याची जागा दुसऱ्यांनी नेमून दिलेली होती. एका रविवारी प्रार्थना चालू असताना, गुडघे टेकून बसलेल्या ॲब्सलम जोन्स यांना चर्चच्या विश्वस्ताने ओढून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढीच त्यांची विनंती होती. ती मानली गेली नाही. तेव्हा जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती एकदमच चर्चबाहेर पडले. १७९४ साली ॲलन यांनी बेथेल चर्च उभारले. परंतु त्या चर्चची मालमत्ता आणि तेथील व्यासपीठ यांवर गोऱ्या मेथडिस्टांचा हक्क सांगणे चालूच राहिले. अखेर न्यायालयाचा निकाल बेथेलच्या बाजूने लागला, आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. कृष्णवर्णीयांनी वेगळे चर्च काढले ते वेगळेपणाच्या हौसेने नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या घरात आपल्या शब्दाला किंमत नाही, ते घर त्यांनी सोडले.

पुढे गुलामगिरीच्या प्रश्नावर गोऱ्यांचे पंथही दुभंगले. मेथडिस्टांत १८४४ साली फूट पडली. गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक म्हणून नेमावे की नाही, या वादातून १८४५ साली दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी आपली स्वतंत्र परिषद काढली. १९३९ साली मेथडिस्ट पुन्हा एक झाले. पण ही एकी कशी झाली? पंथाचे पाच विभाग प्रदेशांनुसार पाडले आणि सहावा विभाग वंशानुसार, केवळ कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी. घर एक झाले आणि घरात नवी भिंत उभी राहिली. ती भिंत १९६८ साली पडली.

दरम्यान १९६३ साल उजाडले. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांना १२ एप्रिल रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अटक झाली. त्याच सुमारास शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, त्यांत एक ज्यू रब्बीही होते, एक निवेदन काढले. हे धर्मगुरू कोणी दुष्ट नव्हते. मवाळ, समंजस म्हणून त्यांची ख्याती होती. निदर्शने अवेळी आहेत, थोडे थांबावे, न्यायालयात जावे, असे त्यांचे म्हणणे होते. किंग यांनी तुरुंगातून त्यांना जे उत्तर लिहिले ते जगभर वाचले गेले. त्याचा आशय असा की, न्यायापेक्षा शांततेला अधिक जपणारा मवाळ मनुष्य हा उघड शत्रूपेक्षाही मोठा अडसर ठरू शकतो. आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक आखण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, बर्मिंगहॅममधील सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली ठार झाल्या. या प्रकरणी पहिली शिक्षा लागायला १९७७ साल उजाडावे लागले. थांबा म्हणणे किती महाग पडते, हे याहून अधिक काय सांगावे?

याचा अर्थ गोऱ्या धार्मिकांपैकी कोणीच हाक ऐकली नाही असा नव्हे. १९६५ साली सेल्मा येथून निघालेल्या मोर्चात रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल किंग यांच्यासमवेत पहिल्या रांगेत चालले. त्याच वर्षी जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका कृष्णवर्णीय मुलीवर रोखलेल्या बंदुकीची गोळी स्वतः झेलली. दुसरीकडे, ख्रिस्ती धर्माकडूनच आशा सोडलेले लोकही होते. माल्कम एक्स यांनी इस्लामचा मार्ग धरला. १९६४ च्या हज यात्रेत निळ्या डोळ्यांचे गोरे मुसलमान आपल्याबरोबर एका ताटात जेवतात हे पाहून, गोऱ्या वर्णाविषयीची आपली जुनी मतेही त्यांनी पुन्हा तपासली. जेम्स कोन यांनी १९६९ साली ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ हा ग्रंथ लिहून, पीडितांच्या बाजूने उभा न राहणारा धर्म ख्रिस्ताचा नव्हेच, असे बजावले.

अलीकडचा एक प्रसंग मनाला फार चटका लावतो. १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टन येथील इमॅन्युएल चर्चमध्ये, म्हणजे रिचर्ड ॲलन यांच्याच पंथाच्या चर्चमध्ये, बायबलचे सामुदायिक वाचन चालू होते. एक अनोळखी गोरा तरुण आला. त्याला प्रेमाने बसवून घेण्यात आले. सुमारे तासाभराने त्याने नऊ जणांना गोळ्या घालून ठार केले. दोनच दिवसांनी, न्यायालयात, मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचे सांगितले. देश हेलावला. परंतु कृष्णवर्णीय समाजातच प्रश्न विचारला गेला : क्षमेची अपेक्षा नेहमी आमच्याकडूनच का? क्षमेचे कौतुक करून समाज आपली जबाबदारी झटकून तर टाकीत नाही ना? मला वाटते, हे दोन्ही स्वर खरे आहेत. क्षमा हा देणाऱ्याचा धर्म आहे. ती कोणाला मागण्याचा हक्क नाही.

मग गोऱ्या संस्थांनी करायचे काय? दक्षिणी बॅप्टिस्टांनी १९९५ साली, स्थापनेनंतर दीडशे वर्षांनी, गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल जाहीर माफी मागितली. जॉर्जटाउन विद्यापीठाची कथा याच्या पुढे एक पाऊल जाते. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी २७२ गुलाम माणसे विकली आणि त्या पैशातून विद्यापीठाचे कर्ज फेडले. २०१७ साली त्यांच्या वंशजांसमोर माफी मागितली गेली. विक्रीच्या कागदात ज्याचे नाव पहिले होते त्या आयझॅक हॉकिन्सचे नाव तेथील एका इमारतीला देण्यात आले. २०२१ साली वंशजांशी बोलणी करून जेझुइटांनी दहा कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद आहेत. पण येथे प्रथमच ज्यांचे नुकसान झाले त्यांचे वंशज बोलणीला बसले, हे महत्त्वाचे.

हा विषय आपल्याला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. आणि आता गंगा उलटी वाहिली आहे. २०२३ साली सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, ती आपल्याकडून तिकडे गेलेल्या जातीमुळे! तेथील भारतीयांत त्यावरून तट पडले. जातीची ओझी पासपोर्टावर कोठेही लिहिलेली नसतात, पण सामानाबरोबर ती जातात.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सेंट जॉर्ज चर्चने आत येऊ दिले होते. १९३९ च्या मेथडिस्टांनीही आत घेतले होते. उणीव होती ती वेगळीच. कोणी कोठे बसावे, कोणते पान वाचावे, किती काळ थांबावे, हे एकाच पक्षाने ठरवावे असा तेथील शिरस्ता होता. हा अधिकार वाटून घेतला जातो तेव्हाच सामावून घेणे सुरू होते. आणि असा संवाद सुरू करण्याचे पहिले काम बोलण्याचे नसून ऐकण्याचे आहे. ते ज्यांनी आजवर अधिक बोलून घेतले, त्यांच्या वाट्याचे आहे.