बी-१२ चे इंजेक्शन आणि जिवाणूचा जमाखर्च

पाणीगेट परिसरात बी-१२ चे इंजेक्शन लिहून दिले की घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, हे शाकाहारी आहे ना?’ शंका अगदीच निराधार नाही. १९२६ साली मायनट आणि मर्फी यांनी पर्निशस ॲनिमियावर यकृत खाण्याचा उपाय सिद्ध केला आणि १९४८ साली या जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक वेगळे झाले तेही यकृतातूनच. ती आठवण औषधाला चिकटून राहिली. वस्तुतः आज औषधात वापरले जाणारे बी-१२ जिवाणूच तयार करतात. (कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, ते मात्र पाहून घ्यावे.) पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. अशा समाजात केवळ शंकेपोटी इंजेक्शन नाकारले गेले, तर मज्जारज्जूला होणारी इजा पुढे उपचारांनीही पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

हा रेणू रसायनशाळेतही घडवता येतो. वुडवर्ड आणि एशेनमोझर यांनी शंभराच्या आसपास सहकाऱ्यांसह दशकाहून अधिक काळ खपून १९७२ साली ते करून दाखवले. परंतु कारखान्याला तो मार्ग परवडणारा नव्हे. त्यामुळे भिस्त किण्वनावर, म्हणजे फर्मेंटरमधील जिवाणूंवर. किण्वन आपल्या शहराला नवे नाही. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ साली स्थापन केलेल्या अलेम्बिकमध्ये १९६१ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळी अधिक उत्पादन देणारा वाण मिळवण्याची जगभर रूढ असलेली रीत म्हणजे सूक्ष्मजीवांवर अतिनील किरणांचा मारा करायचा, हजारो वसाहती तपासायच्या आणि त्यांतील उत्तम निवडायची. उत्पादन वाढे, ते का वाढले हे बहुधा कळत नसे.

हे ‘का’ शोधण्यासाठी चयापचयाचे गणिती प्रारूप उपयोगी पडते. त्याचे मूळ तत्त्व आपण वॉर्डात रोज वापरतो : इनटेक-आउटपुट चार्ट. आजव्याहून येणाऱ्या नळाच्या प्रत्येक सांध्यात जितके पाणी शिरते तितकेच बाहेर पडले पाहिजे. तसेच पेशीतील प्रत्येक पदार्थाचे. जितका तयार होईल तितकाच खर्च व्हावा, साठून राहू नये. प्रत्येक पदार्थासाठी असे एक समीकरण मांडायचे. ई. कोलाय या जिवाणूच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात १,५१५ जनुके, २,७१९ अभिक्रिया आणि १,१९२ पदार्थ आहेत. म्हणजे अज्ञात प्रवाह २,७१९ आणि समीकरणे त्याहून कितीतरी कमी! उत्तरे अगणित निघतात. त्यांतून एक निवडायचे तर जिवाणूचा हेतू गृहीत धरावा लागतो, आणि ‘शक्य तितके वेगाने वाढणे’ हा हेतू सहसा धरला जातो. मग लिनिअर प्रोग्रॅमिंगने संगणक काही क्षणांत उत्तर देतो.

कारखानदाराची खरी अडचण इथेच दिसते. जिवाणूला वाढीसाठी बी-१२ अत्यल्प लागते. काहींना तर लागतही नाही. वाढ हाच हेतू धरला की बी-१२ कडील प्रवाह जवळजवळ शून्य निघतो. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा : वाढीचा वेग अमुक इतका राखून बी-१२ जास्तीत जास्त किती मिळेल? आणि त्यासाठी कोणती वाट रुंद करावी, कोणती बंद करावी?

बी-१२ च्या बाबतीत ही वाट आपल्या ओळखीची आहे. स्यूडोमोनास डिनायट्रिफिकन्स या जिवाणूत ती आपल्या हीमप्रमाणेच ग्लायसिन आणि सक्सिनिल-कोएन्झाइम-ए यांपासून निघते. एका रेणूसाठी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे आठ रेणू लागतात, त्यानंतर आठदा मिथिल गट जोडावा लागतो आणि कोबाल्ट बसवावे लागते. सक्सिनिल-कोएन्झाइम-ए तर क्रेब्स चक्रातील. तेथून जितके उचलावे तितकी ऊर्जेला तोशीस. मिथिल गटांसाठी पेशीची तिजोरी रिकामी होते, म्हणूनच बीटाईनयुक्त बीटची मळी उपयुक्त ठरते. हा जमाखर्च मांडल्यावर हवेचे महत्त्वही उमगते. हा जिवाणू हवेत वाढतो. तरी शांघायच्या संशोधकांनी २०१० साली दाखवले की ऑक्सिजनचा वापर टप्प्याटप्प्याने कमी केल्यास बी-१२ अधिक मिळते.

तथापि प्रारूपावर भाबडा विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. जमाखर्चाच्या वहीत नियंत्रणाची नोंद नसते. अनेक जिवाणूंत बी-१२ चा रेणूच आरएनएवरील रिबोस्विचला बिलगून स्वतःच्या निर्मितीची जनुके थोपवतो. हे साध्या प्रवाह-गणितात दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच सोडवावे लागते. ई. कोलाय स्वतः हे जीवनसत्त्व मुळापासून बनवू शकत नाही. चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ साली त्यात इतर जिवाणूंची २८ जनुके बसवली, एकेक टप्पा जुळवत उत्पादन सुमारे २५० पटींनी वाढवले आणि शुष्क पेशींच्या एका ग्रॅममागे ३०७ मायक्रोग्रॅम बी-१२ मिळवले. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. म्हणजे त्या एका ग्रॅमात शंभराहून अधिक दिवसांची बेगमी.