विजेच्या पेटींत तारेची शिल्लक

घरांत वीज घेतांना पेटी नेटकी दिसावी म्हणून पुष्कळ ठिकाणीं तारा अगदीं मापांत तोडतात. ही काटकसर पुढें महाग पडते. एमसीबी बदलणें, नवी आरसीसीबी बसविणें किंवा जळालेलें टोंक कापून टाकणें, अशा प्रसंगीं आखूड तार पोहोंचत नाहीं. मग ती ताणून बसवितात. ताणलेली तार स्क्रूखालीं सैल होते, सैल जागीं तापते व आवरण वितळून आगीचें भय उत्पन्न होतें.

यास्तव प्रत्येक तार पेटींत शिरल्यावर कडेकडेनें एक वळसा घेऊन मग आपल्या जागीं आणावी. फेजइतकीच शिल्लक न्यूट्रल व अर्थिंगच्या तारांसही ठेवावी. कारण आरसीसीबी वाढवितांना न्यूट्रलच्या जागाही बदलाव्या लागतात. घट्ट गुंडाळी मात्र करूं नये. मोकळें वळण देऊन तारा बांधाव्या व टोंकांवर क्रमांक घालावे.

मुख्य स्विच बंद असतांही त्याच्या येणाऱ्या बाजूस वीज असते. म्हणून हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. पेटी बंद होण्यापूर्वीं मालकानें ही शिल्लक त्याच्याकडून दाखवून घ्यावी. भिंतींत बुजलेली तार मागाहून लांबवितां येत नाहीं.