गूळ, मेथी आणि बाघची माती

इंदूरच्या बड्या गणपतीची उंची पाहून लोक हात जोडतात. पंचवीस फूट म्हणजे काही थोडं नव्हे. माझं लक्ष मात्र कायम मसाल्याकडे. विटा, चुना, गूळ, मेथी, सात मोक्षपुऱ्यांची माती, तीर्थांचं पाणी, हे सगळं कालवून उज्जैनच्या नारायण दाधीच यांनी मूर्ती उभी केली म्हणतात. साल कुणी १८७५ सांगतं, कुणी १९०१. वर शेंदूर-तुपाचा चोळा. तो चढवायलाच कित्येक दिवस लागतात. प्रदर्शनांतून ‘मिक्स्ड मीडिया’ची पाटी मिरवते ते काम आपले गवंडी आणि पुजारी मिळून कधीचे करत आलेत.

मसाल्याच्या या वेडाचा माग काढत गेलं की माळव्यात बाघला पोचावंच लागतं. धार जिल्ह्यातल्या या बौद्ध लेण्यांचा वालुकाश्म इतका ठिसूळ, की दालनांत मध्यभागी जादा खांब ठेवूनही छतं ढासळली. गिलाव्यावाचून इथे चित्र उभंच राहत नव्हतं: आधी लाल-तपकिरी मातीचा जाड थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. दोन नंबरच्या गुहेत बुद्ध आणि त्यांचे परिचर दगडात कोरलेत. आसपासच्या लोकांनी त्यांना केव्हाच पांडव करून टाकलं.

त्याच गुहेतला मलबा उपसताना ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याला एक ताम्रपट मिळाला. खात्याचे प्रमुख होते मो. बा. गर्दे, या माणसावर मराठीत फारच कमी लिहिलं गेलंय. माहिष्मतीहून महाराज सुबंधूने दत्तटकाच्या ‘कलयन’ विहाराला गाव दिल्याची ही सनद. गावाचं उत्पन्न कशासाठी? बुद्धाच्या पूजेची फुलं-धूप, भिक्षूंचं अन्नवस्त्र, औषधं. आणि विहारात जे मोडेल, तडकेल त्याच्या डागडुजीसाठी. पूजेच्या खर्चात गवंड्याचीही सोय! मला तर सगळ्या सनदेत हेच कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

नेमका कालोल्लेखाचा भाग मात्र नष्ट झालेला. सुबंधूच्याच बडवानी ताम्रपटात १६७ हा आकडा आहे. पण कुठल्या संवताचा? नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरी संवत धरला, म्हणजे इ. स. ४१६-१७. गुप्त संवत मानणाऱ्यांच्या हिशेबी ४८६. सत्तर वर्षांचं हे भांडण. लेण्यांची घडण पाहता मला दुसरी बाजू पटते, पण मिराशींशी वाद घालायला जिगर लागते.

बाघच्या चित्रांच्या प्रतिकृतींचं श्रेय मात्र वाटताना हात आखडला गेला. १९२१च्या सुमाराचं हे काम म्हटलं, की नंदलाल बोस, असित हालदार, सुरेंद्रनाथ कर ही नावं तोंडपाठ. भोसले, आपटे, भांड, जगताप हेही त्याच कामावर होते, ते क्वचितच कुणाला आठवतात. शांतिनिकेतनचं वलय त्यांच्यामागे नव्हतं, एवढंच. मूळ चित्रं पुढे आणखी विटली आणि १९८२च्या सुमारास त्यांतली बरीचशी भिंतीवरून उतरवून नव्या पाठीवर बसवावी लागली. शोकाकुल स्त्री, नर्तकींचं रिंगण, हत्ती-घोड्यांची मिरवणूक हे सगळं सलग पाहायचं, तर आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या प्रतिकृतींपुढेच उभं राहावं लागतं.