नाडी सांगेल तिथवर

नाणेघाटाला दोन बाजूंनी जाता येतं. कोकणातून, वैशाखऱ्याकडून, जुन्या दगडी वाटेने घाम गाळत. किंवा जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीत बसून थेट पठारावर. ट्रेकर मंडळी दुसऱ्या वाटेला हिशेबात धरत नाहीत. मी कायम तिनेच जाते. सह्याद्री देशाच्या बाजूला हळूहळू उतरत जातो आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो. त्यामुळे देशावरून आलेल्या माणसाला फारसं न चढता कड्याशी पोचता येतं. आंबोलीजवळचं कावळेसाद काय, लोणावळ्याचा लायन्स पॉइंट काय, सगळी याच ठेवणीची कृपा. ज्याला चढ परवडत नाही, त्याच्यावर इतके मेहेरबान डोंगर दुसरीकडे क्वचितच असतील.

मला चढ परवडत नाही, कारण मला एमई-सीएफएस आहे, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ‘थकतो तर आम्हीही’ हे वाक्य या आजाराच्या प्रत्येक माणसाने ऐकलेलं असतं. पण या आजाराची मुख्य खूण दमणं ही नव्हेच. श्रमाची वसुली उशिरा होते, साधारण 12 ते 48 तासांनी, आणि श्रमाच्या मानाने ती फार जबर असते. रविवारी चढलेला चढ मंगळवारी अंगावर येतो: घसा दुखतो, उजेड सोसवत नाही, वाचलेली ओळ डोक्यात उतरत नाही, झोपून उठलं तरी न झोपल्यासारखं वाटतं. हे कधी काही दिवस चालतं, कधी काही आठवडे. अशा रुग्णांची सलग दोन दिवस सायकलवर चाचणी घेतली, तर अनेकांची दुसऱ्या दिवशीची क्षमता पहिल्या दिवसापेक्षा घसरलेली दिसते. निरोगी माणसाची जवळपास तेवढीच राहते. ‘रोज थोडं थोडं वाढवत न्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. मलाही मिळाला होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2007 मध्ये तोच मार्ग सुचवला होता. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचे कार्यक्रम या रुग्णांना देऊ नयेत, असं तिने स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे ही बातमी अजून सगळ्या दवाखान्यांपर्यंत पोचलेली नाही.

मग चालायचं कसं? मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. रुग्णांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे: 220 मधून वय वजा करायचं आणि उरेल त्याच्या 60 टक्क्यांच्या आत नाडी ठेवायची. माझं वय 46, म्हणजे माझी वेस 104. हृदयाची गती मंदावणारी गोळी चालू असेल, तर हा हिशेब कामाचा नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. निरोगी माणसाची नाडी साध्या चढावरही 104 ओलांडते. माझा भाचा गाडी चालवायला सोबत असतो. तो घड्याळावर माझ्याहून जास्त नजर ठेवतो. “मावशी, 101. बस.” मी बसते. नाडी 80 च्या घरात आली की उठते.

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या ‘नानाचा अंगठा’ या कड्याकडची माझी चाल अशी होते. अंगठा पूर्वेकडून सौम्य चढत जातो आणि पश्चिमेला धारेवर संपतो. धडधाकट माणूस बोलता बोलता वर पोचतो. मला मध्ये अनेकदा बसावं लागतं, आणि खरं काम त्या बसण्यातच होतं. दर वेळी कॅमेऱ्याला वेगळा कोन मिळतो, उजेड थोडा सरकलेला असतो. समोर दक्षिणेला जीवधन, त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. ऑक्टोबरअखेरीस दुपार कलली की उजवीकडून तिरपा उजेड येतो आणि कातळातले आडवे थर एकेक करून वेगळे दिसू लागतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर. भर दुपारच्या, डोक्यावरच्या उन्हात तोच कडा सपाट, करडा दिसतो. पावसाने धुतलेली हवा ऑक्टोबरात अजून स्वच्छ असते. एप्रिल-मेमध्ये कोकण धुरकट होतं आणि मागच्या रांगा पुसल्या जातात. श्रावणात इथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो; त्या दिवसांत शनिवार-रविवारी गर्दी इतकी असते की बसायला दगड मिळत नाही. मी मधल्या वारी जाते.

पहाटेचे फोटो मी सोडून दिले आहेत. त्यासाठी रात्रीची झोप मोडावी लागते, आणि या आजारात झोपेला हात लावणं महागात पडतं. कडे पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे फार काही हुकतही नाही.

ट्रायपॉडही सोडला. हलकी मिररलेस बॉडी आणि 70 ते 300 ची टेलिफोटो लेन्स, एवढंच घेते. निसर्गचित्रण म्हटलं की लोक वाइड लेन्स काढतात. तिच्यात लांबचे डोंगर मुंगीएवढे होतात आणि मग जवळ जावंसं वाटतं. टेलिफोटोत एकामागच्या एक रांगा जवळ आल्यासारख्या दिसतात, आणि जागेवरून न हलता चौकट बदलता येते. टेकू म्हणून एक रिकामी कापडी पिशवी नेते. तिथलीच बारीक खडी भरायची, दगडावर ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची, आणि निघताना खडी तिथेच ओतायची. वजन शून्य. घडीचं स्टूल मात्र सोडत नाही. आमच्यातल्या अनेकांना नुसतं उभं राहणंही सोसत नाही: रक्त पायांकडे साचतं, नाडी उडते, गरगरतं. त्यामुळे माझे बहुतेक फोटो बसलेल्या माणसाच्या उंचीवरून काढलेले असतात. पुढ्यातलं गवत त्यांत मोठं येतं. मला ते आवडतं.

सहलीच्या आधी दोन दिवस आणि नंतर तीन-चार दिवस घरात काहीच ठरवत नाही. फोटो निवडायलाही घाई करत नाही. पडद्यावर पाचशे चित्रं चाळणं हेही श्रमच, आणि मेंदूचे श्रम त्याच खात्यातून वजा होतात. म्हणून शटर कमी दाबते.

गड ‘सर’ करण्याच्या भाषेबद्दल माझं एक मत झालं आहे. जीवधनाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला जीवधन दिसत नाही. त्याला पायाखालचं गवत दिसतं आणि दुसऱ्यांचे डोंगर दिसतात. किल्ला बघायचा तर समोरच्या पठारावर किंवा शेजारच्या सोंडेवर बसावं लागतं. छायाचित्रकाराने माथा गाठलाच पाहिजे ही समजूत छायाचित्रणातून आलेली नाही. ती ट्रेकिंगमधून आलेली आहे.

कोविडनंतर महिनोन्महिने न सावरलेल्यांपैकी अनेकांची लक्षणं या आजाराशी जुळतात. म्हणजे तुमच्याही पुढच्या ट्रेकमध्ये असं कुणी असू शकेल. पठारावर बसून ते म्हणालं, ‘मी इथेच थांबते’, तर ‘अगं, आता पाचच मिनिटं राहिलीत’ असं म्हणू नका. पाणी आणि लिंबू सरबत जवळ ठेवा, सोबतीला कुणी थांबतंय का बघा, परत यायची नेमकी वेळ सांगा आणि ती पाळा.